दीर्घपल्ल्याच्या मोटारींसाठी एक दरखास्त

साचे घडविणे हा माझा व्यवसाय आणि बिनतारी यंत्रणेने चालणाऱ्या लहान मोटारी बांधणे हा माझा छंद. या दोहोंच्या सीमेवर उभा राहून मी पुढील दरखास्त लिहीत आहे. आणि ती ज्यांच्या दफ्तरी रुजू व्हावयास पाहिजे त्या कारखानदारांपैकी प्रमुख जो, तो जपानात शिझुओका शहरी असल्यामुळे, मराठी दिवाळी अंकातून ती त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी भाबडी आशा मी बाळगलेली नाही. तथापि पोहोचण्याचा संभव नाही म्हणून अर्ज लिहूच नये, असा काही जाबता माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मागणी अशी की, फ्रान्समधील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आणि तिच्या जातीच्या इतर दीर्घपल्ल्याच्या शर्यतींत ज्या मोटारींनी कीर्ती मिळविली, विशेषतः १९६५ ते १९७५ या दशकातील ज्या मोटारी, त्यांचे एकदशांश आकाराचे, सुट्या भागांतून स्वतः जुळवावयाचे, नवे आर. सी., म्हणजे बिनतारी, किट कोणीतरी काढावे. आणि ते काढताना वरची बॉडी एका मोटारीची व खालची चासी भलत्याच मोटारीची, ही जी आजची सर्रास वहिवाट आहे, ती मोडावी.

वास्तविक या छंदाचा उगमच अशा एका मोटारीत आहे. शिझुओकाच्या तामिया कारखान्याने १९७६ साली पहिली बिनतारी मोटार विक्रीस काढली, ती पोर्श ९३४ होती. त्या मोटारीची प्रतिकृती करावयाची म्हणून शुन्साकु तामिया यांनी आधी एक खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती खिळाखिळा सुटी करून पाहिली, ही कथा आमच्या वर्तुळात इतकी प्रसिद्ध आहे की, नवशिक्या माणसाला स्क्रूड्रायव्हर धरावयास शिकविण्याआधी ती सांगितली जाते. ज्या धंद्याची पहिली पायरी इतक्या निष्ठेने बांधली गेली, त्या धंद्याकडून पुढे अधिक अपेक्षा करणे अवास्तव म्हणता येणार नाही. आणि काही काळ ती अपेक्षा पुरीही झाली. ‘ग्रुप सी’ या वर्गातील मोटारींचा अंमल १९८२ पासून सुमारे दहा वर्षे चालला, त्या मुदतीत व तिच्या अखेरीस पोर्श ९५६, जॅग्वार एक्सजेआर-१२, मर्सिडीज सी-११ आणि १९९१ ची विजेती माझदा ७८७बी यांचे किट निघाले. त्यांची चासी फायबरच्या सपाट पट्टीची, मागचा मोटरचा सांगाडा इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या लवचिक पट्टीवर तोललेला, आणि मधले गिअर जवळजवळ नाहीतच, अशी अत्यंत साधी आणि म्हणूनच अत्यंत समाधानकारक असे. रबरी टायर तापले की ती मोटार वळणावर अशी चिकटून जाई की, चार चाके फिरविणाऱ्या आजच्या गुंतागुंतीच्या चासींनी तिच्यापासून पुष्कळ शिकावे.

परंतु ग्रुप सीच्या आधीच्या पिढीच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही, आणि त्याचे कारण मला मापांत सापडते. पोर्श ९५६ च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २६५० मिलिमीटर. त्याचा दशांश २६५. आजच्या सर्वसाधारण टूरिंग जातीच्या चासीचे हे अंतर २५७ च्या आसपास असते, म्हणजे थोडी ओढाताण करून बॉडी बसते आणि डोळ्याला फारसे खुपत नाही. फोर्ड जीटी-४० चे अंतर ९५ इंच, म्हणजे सुमारे २४१३ मिलिमीटर. आणि पोर्श ९१७ चे तर अवघे २३००, रुंदी मात्र जवळजवळ दोन मीटर. म्हणजे ९१७ च्या प्रतिकृतीला २३० मिलिमीटर लांबीची आणि त्याच वेळी २०० मिलिमीटर रुंदीची चासी पाहिजे. आखूड चासी बाजारात आहेत, २१०, २२५ आणि २३९ मिलिमीटरच्या; परंतु त्या मिनीसारख्या छोट्या मोटारींसाठी आखलेल्या असल्यामुळे अरुंद आहेत. रुंद चासी आहेत, त्या लांब आहेत. अशा स्थितीत बॉडी करणारा करतो काय? तो ९१७ ला मधूनच ताणून २५७ वर नेऊन बसवितो. आणि मग दरवाजा व मागचे चाक यांमध्ये जी एक रिकामी, निर्बुद्ध जागा उत्पन्न होते, ती ज्याने मूळ मोटारीचे एखादे जरी छायाचित्र नीट न्याहाळले असेल त्याला पाहवत नाही. उंचीची अडचण निराळी. जीटी-४० या नावातील चाळीस म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंतचे चाळीस इंच. त्याचा दशांश जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि त्या दहा सेंटिमीटरांत जमिनीपासूनचे अंतर वजा जाता बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर आणि छत्तीस मिलिमीटर व्यासाची ५४० जातीची मोटर या सर्वांची तजवीज लावून वर काचेच्या आत एक शिरस्त्राणधारी चालकही बसवावयाचा असतो. हे कठीण आहे, अशक्य नाही. लिथियमच्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या नळकांड्यांपेक्षा चपट्या झाल्या, सर्व्हो ठेंगणे झाले, आणि बिनब्रशच्या मोटरीही आखूड मिळू लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी जी सबब ग्राह्य होती ती आज ग्राह्य धरता येत नाही.

९१७ विषयी मी इतक्या आग्रहाने लिहितो याला त्या मोटारीचा इतिहास कारण आहे. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा पंचवीस मोटारी तयार असल्या पाहिजेत, या अटीची रुजुवात करण्यासाठी १९६९ च्या एप्रिलमध्ये तपासनीस आले तेव्हा पोर्शचे अभियंते फर्डिनांड पिएख यांनी कारखान्यासमोर पंचवीसच्या पंचवीस मोटारी एका रांगेत हजेरीला उभ्या केल्या. मोटार अशी हलकी की गिअर बदलण्याच्या दांड्यावरचा गोळासुद्धा बाल्सा लाकडाचा. सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, आणि त्या नळ्यांत दाबाखाली वायू भरून ठेवलेला, हेतू हा की कोठे सूक्ष्म तडा गेला तर दाब उतरून चालकास वर्दी मिळावी. परंतु पहिल्या वर्षी ती मोटार वेगात अशी डळमळे की अनुभवी चालकही तिच्यात बसण्यास नाखूश असत. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ऑस्ट्रियातील झेल्टवेग येथे चाचणी चालू असताना जॉन हॉर्समन या अभियंत्याच्या ध्यानात आले की, मोटारीच्या पुढच्या अंगावर चिलटे चिरडून त्यांचे डाग पडले आहेत, मागचा भाग मात्र स्वच्छ आहे. अर्थात वारा मागच्या भागाला स्पर्शच करीत नाही. तेथल्या तेथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, रिबेट ठोकून, शेपटी आखूड व वर चढती करण्यात आली, आणि मोटार वठणीवर आली. त्याच आकाराच्या मोटारीने १९७० व १९७१ या दोन्ही वर्षी ल मां जिंकले; १९७१ मध्ये हेल्मुट मार्को आणि खेइस फान लेनेप यांनी चोवीस तासांत काटलेले ५३३५ किलोमीटरचे अंतर २०१० पर्यंत कोणालाही ओलांडता आले नाही. जी शेपटी चिलटांच्या साक्षीवरून कापली गेली, ती ओढूनताणून दुसऱ्या चासीवर बसविणे हा माझ्या मते दस्तऐवजात केलेला फेरफार आहे.

येथे साचेकार म्हणून दोन शब्द लिहितो. आर. सी. मोटारीची बॉडी सामान्यतः पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्याची असते. पत्रा तापवून मऊ करावयाचा, साच्यावर पसरावयाचा आणि खालून हवा ओढून घ्यावयाची. मग रंग आतल्या बाजूने द्यावयाचा, आधी गडद व नंतर फिकट, म्हणजे बाहेरून ओरखडा गेला तरी रंग शाबूत राहतो. या पद्धतीचा साचा पोलादी इंजेक्शन डायच्या तुलनेने पुष्कळच स्वस्त पडतो. परंतु तिची एक मर्यादा अशी की, जो आकार आत वळतो तो साच्यावरून निघत नाही, आणि जेथे पत्रा खोल ओढला जातो तेथे तो कागदासारखा पातळ होतो. ९१७ चे शेपूट, जीटी-४० च्या खांद्यावरच्या हवेच्या वाटा, दिव्यांवरील काचेचे फुगीर आवरण, या सगळ्या जागा नेमक्या या मर्यादेवर येतात. एका पत्र्यात सगळे उरकण्याचा मोह सोडून बॉडी तीन तुकड्यांत काढली, दिव्यांच्या खोबणी आणि आरसे इंजेक्शनचे वेगळे दिले, तर हे साधते. खर्च वाढेल, तो द्यावयास मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत.

वेगाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावर तरुण मंडळी माझ्याशी नेहमी वाद घालतात. त्यांना तासाला ऐंशी किलोमीटर पाहिजेत. १९७१ च्या त्या विजयी मोटारीची चोवीस तासांची सरासरी तासाला सुमारे २२२ किलोमीटर पडते. तिचा दशांश म्हणजे बावीस, आणि एवढा वेग साध्यातली साधी मोटर सहज देते. त्याहून अधिक वेगाने धावणारी दशांश मोटार सुंदर दिसत नाही, याला भौतिकशास्त्रीय कारण आहे. लंबकाची लांबी दहावा हिस्सा केली तर त्याचे आंदोलन दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पटींनी शीघ्र होते. गुरुत्वाकर्षण काही आपल्यासाठी लहान होत नाही. मोटारीचे डुलणे, नाक खाली घालणे, उडणे, सगळे या हिशेबाने होते, म्हणून लहान मोटार नेहमी उतावीळ आणि दचकल्यासारखी वाटते. उत्तम किटाने स्प्रिंग मऊ आणि डॅम्पर दाट ठेवून हा उतावीळपणा शक्य तितका शमवावा. याच न्यायाने पाहिले तर दशांश मोटारीचे चोवीस तास आपल्या घड्याळात सुमारे सात तास पस्तीस मिनिटांचे होतात; आणि माझ्या मते या मोटारींची खरी शर्यत तेवढ्याच मुदतीची असावी. तिघांनी आळीपाळीने ट्रान्समीटर हाती घ्यावा, बॅटरी उतरली की पेट्रोल भरल्यासारखी ती बदलावी, झिजलेले टायर काढावेत, आणि दुपारी सुरू झालेली शर्यत दिवे लागल्यानंतर संपावी. त्यासाठी किटात पुढचे पिवळे दिवे, आणि रात्री क्रमांक वाचता यावा म्हणून दरवाजावर टाकलेला तो लहानसा उजेड, यांची तरतूद मुळातच असावी. हौशी माणसाने तारा ओवीत बसू नये. बॅटरी खालून, चार स्क्रू न काढता, अर्ध्या मिनिटात निघावी. या एका कलमावर मी कोणतीही तडजोड करणार नाही.

रंगांविषयी थोडे गाऱ्हाणे आहे. पोर्श ९५६ ने १९८२ मध्ये पहिले तीनही क्रमांक पटकाविले, आणि मोटारींवरचे आकडेही अनुक्रमे एक, दोन, तीन असेच होते. पण त्यांचा निळा-पांढरा रंग एका सिगारेटवाल्याचा. जॅग्वारचा जांभळाही तसाच. तंबाखूच्या जाहिरातीवर आलेल्या बंदीमुळे नव्या किटांच्या स्टिकरांतून ती नावे वगळली जातात, आणि मोटारीच्या अंगावर रंगाचे पट्टे तेवढे उरतात, मजकूर कोरा. कायद्याशी माझे भांडण नाही. गमतीची गोष्ट एवढीच की कापडवाले यातून सुखरूप सुटले: १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां जिंकणारी योस्ट या संघाची पिवळी-काळी ९५६, दोन्ही वेळा ११७ क्रमांकाची एकच चासी, ‘न्यूमन’ या कपड्यांच्या नावाने धावली, आणि माझदाचा हिरवा-नारिंगी पोशाख ‘रेनाउन’ या जपानी कापडकंपनीचा. त्यामुळे या दोघींचे किट आजही नावानिशी काढता येतात. गल्फ तेलाचा फिका निळा व नारिंगी यांनाही अडचण नाही, आणि १९६८ व १९६९ अशा दोन्ही साली जिंकलेली १०७५ क्रमांकाची जीटी-४० त्याच रंगात होती. दुसऱ्या वेळी जॅकी इक्स व जॅकी ऑलिव्हर यांनी पोर्श ९०८ ला चोवीस तासांअखेर अवघ्या शे-सव्वाशे मीटरांनी मागे टाकले.

आता क्रमाविषयी. एकाच रुंद चासीला २३० आणि २४१ अशी दोन अंतरे देता येतील एवढी मधली पट्टी बदलती ठेवली, तर पोर्श ९१७ आणि फोर्ड जीटी-४० या दोघींचा संसार एका डायच्या खर्चात उभा राहतो, आणि कारखानदाराच्या जमाखर्चनीसालाही ही तजवीज नापसंत होऊ नये. त्यानंतर १९७२ ते १९७४ अशी तीन वर्षे फ्रान्सचा मान राखणारी मात्रा ६७० मला पाहिजे. तिची बॉडी उघडी असल्यामुळे चालकाची मूर्ती कमरेपर्यंत पुरी द्यावी लागेल, अर्धे डोके चिकटवून भागणार नाही. फेरारी ५१२ चा आग्रह मी धरीत नाही; तिचे भक्त पुष्कळ आहेत, ते आपला अर्ज स्वतंत्रपणे करतील. सुट्या भागांची हमी मात्र निदान दहा वर्षांची असावी, आणि त्या यादीत पुढचा बंपर, मागचा टी-पट्टा आणि बॉल डिफरन्शियलच्या गोळ्या ही तीन नावे प्रथम घालावीत, कारण सात तासांच्या शर्यतीत तीच आधी जातात.