खाल्ल्या मिठाला जागणे

खाल्ल्या मिठाला जागावे, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या मनात धनी आणि चाकर यांच्यापलीकडे काही असण्याचे कारण नव्हते. परंतु मिठागरातील आटत चाललेल्या पाण्याला तांबूस छटा आणणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम नामक सूक्ष्म जीवाइतकी ती अक्षरशः पाळणारा चाकर मला तरी ठाऊक नाही. (जुन्या दप्तरी त्याची नोंद जीवाणू अशीच होती, पुढे शास्त्रज्ञांनी त्याला आर्किया नावाच्या निराळ्या कुळात बसविले, नाव मात्र तेच ठेवले.) समुद्राच्या पाण्यात मीठ शेकडा साडेतीन; याला वीस-पंचवीस हवे. त्याच्या आवरणातील प्रथिनांवर ऋणभार इतका दाटलेला असतो की, सोडियमचे आयन तो झाकीत नाहीत तोवर ती एकमेकांना दूर लोटू पाहतात. आणि बाहेरच्या खाऱ्या द्रावणाने पेशीतील पाणी ओढून नेऊ नये म्हणून आत पोटॅशियम क्लोराइडचा तितकाच तीव्र साठा केलेला असतो. त्याला ऊर्ध्वपातित पाण्यात सोडले, तर तो फुटून विरून जातो.

ही निष्ठा म्हणावी की कैद? आतड्यातला ई. कोलाय आपल्या ताठ भित्तिकेच्या बळावर गोड्या पाण्यातही काही काळ तग धरतो, म्हणून त्याला स्वतंत्र म्हणावे, तर त्याचेही बाह्यपटल मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या आयनांनी सांधलेले असते आणि ते आयन काढून घेतले की पटल ढिले पडते.

मिठाचा विषय निघाला म्हणजे 1671 सालचे शिवाजी महाराजांचे कुडाळच्या सुभेदारास लिहिलेले पत्र आठवल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, उदमी तिकडेच वळतात आणि स्वराज्यातील मीठ पडून राहते, हे जाणून त्या परक्या मिठावर जबर जकात बसविण्याचा त्यात हुकूम आहे. राज्यकर्त्याने रयतेच्या मिठाची एवढी फिकीर वाहावी, याचे मला सदैव अप्रूप वाटत आले आहे. पण जकातीचा पैसा खजिन्यात जातो, आणि आगरात उन्हातान्हात राबणारा माणूस दरबाराचे मीठ खात नसून दरबारालाच ते खाऊ घालीत असतो. तेव्हा जागावयाचे कोणी आणि कोणाला? म्हण याविषयी काहीच बोलत नाही. कदाचित ती केवळ धन्याच्याच बाजूने रचली गेली असावी. कदाचित मीच तिला नको तितके ताणीत असेन.