मिशिगनमधली आगोट

डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. हजार फुटांहून अधिक खोल. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते उपसलं जातंय, आणि आज त्याचा मोठा उपयोग म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकणं. ज्या शहराने अख्ख्या जगाला गाड्यांचं वेड लावलं, त्याच शहराखालचं मीठ वर येऊन गाड्या खातं.

मी रत्नागिरीकडची. मीठ आणि गंज यांचं नातं मला नवीन नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटचं कुलूप, समुद्राजवळ सगळंच लवकर गंजतं. पण आमच्याकडे मीठ वाऱ्यावरून गुपचूप येतं. इथे ते ट्रकमधून येतं, पिवळा दिवा लावून.

मीठ टाकण्यामागचं शास्त्र सोपं आहे. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. साधारण २३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे १० च्या आसपास साधं मीठ हात टेकतं. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीला चिकटलेला पांढरा थर ओलसरच राहतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत ‘करोजन’ नावाचा एक चॅप्टर असायचा, जो सगळे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचे. लोखंड, पाणी, ऑक्सिजन, आणि वीज वाहून नेणारं खारं पाणी. तो चॅप्टर इथे दर डिसेंबरात पार्किंग लॉटमध्ये उभा असतो.

माझी गाडी दहा वर्षं जुनी, गडद निळी, सेकंडहँड. ऑफिस ४० किलोमीटरवर, आणि मधे बस नावाची गोष्ट जवळपास नाही. इथे गाडी नसणं म्हणजे पायच नसणं. गेल्या वसंतात आमच्या कंपनीत नोकरकपात झाली. माझं नाव यादीत नव्हतं, शेजारच्या दोन डेस्कची होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात: नवी नोकरी शोधा, नाहीतर सामान आवरा. त्या ६० दिवसांत विकता येईल अशी माझ्याकडे एकच वस्तू आहे, ती म्हणजे ही गाडी. आणि वापरलेल्या गाडीचा भाव करताना इथला माणूस आधी गुडघ्यावर बसून खालचा गंज बघतो.

म्हणून ऑक्टोबरात वॅक्स घ्यायला निघाले तेव्हा ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काहीही बांधायच्या आधी विचारतो, हे किती काळ चालायला हवं? तोच प्रश्न इथे लागू होता.

आधी हे सगळं कशावर लावायचं ते बघू. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. वॅक्स त्याच्यावर बसतं. ते स्वतः झिजतं, त्यामुळे क्लिअर कोट कमी झिजतो. पॉलिश हा वेगळा प्रकार आहे. पॉलिश घासून चरे काढतं, म्हणजे क्लिअर कोटचाच थोडा भाग उतरवतं. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात, काम मात्र उलटं.

वॅक्समध्ये सगळ्यात जुनं आणि रुबाबदार नाव कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर हे मेण असतं. तिथल्या कोरड्या उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली सोय. ८० अंशांच्या पुढे जाऊन वितळतं. औषधाच्या गोळ्यांवर आणि चकचकीत चॉकलेटांवरही हेच असतं. गडद रंगाच्या गाडीवर त्याची चमक ओल्या दगडासारखी दिसते. अडचण एवढीच की मीठ, शाम्पू आणि आठवड्याची धुलाई यात ते महिना-दोन महिन्यांत उतरतं. इथला मिठाचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. जानेवारीत, उणे १२ मध्ये, उघड्यावर पुन्हा वॅक्स लावायला मी जाणार नव्हते.

दुसऱ्या टोकाला सिरॅमिक कोटिंग. सिलिकाच्या रसायनाचा हा थर रंगाला घट्ट धरून बसतो आणि नीट लावला तर काही वर्षं टिकतो. व्यावसायिकाकडून करून घ्यायचं तर खर्च सहज ८००-१००० डॉलरच्या घरात. कोटिंग उत्तमच आहे. पण पाच वर्षांची सोय कुणासाठी करायची? माझ्या व्हिसाची मुदत तीन वर्षांची, त्यातलं दीड उरलेलं. गाडी विकताना समोरचा त्या कोटिंगचे पैसे वेगळे देत नाही.

मधली जागा सिंथेटिक सीलंटची. कारखान्यात बनवलेले पॉलिमर. चमक जरा काचेसारखी, कोरडी. पण चार ते सहा महिने निघतात. म्हणजे एक हिवाळा. काही उत्पादनांत कार्नोबा आणि पॉलिमर एकत्र असतात, आणि मी शेवटी त्यातलंच एक घेतलं: कॉलिनाइट ८४५. त्याच्या बाटलीवर ‘इन्सुलेटर वॅक्स’ असं लिहिलेलं असतं, कारण मुळात ते विजेच्या तारांच्या इन्सुलेटरवर लावायला वापरलं जायचं. उन्हापावसात वर्षभर खांबावर बसणाऱ्या वस्तूसाठीचं मेण माझ्या गाडीला पुरेसं होतं. किंमत २०-२५ डॉलर. थंडीत ते बाटलीतच थिजतं, अगदी आपल्या खोबरेल तेलासारखं. उपायही तोच, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची.

शेजारी एक आजोबा राहतात, गाड्यांच्या कारखान्यात पेंट लाइनवर आयुष्य काढलेले. माझी बाटली हातात घेऊन त्यांनी लेबल वाचलं आणि म्हणाले, “चांगलं आहे. लाव. पण मीठ बॉनेटवरून आत शिरत नाही, हे लक्षात ठेव. खाली वाकून बघितलंस का?”

मग आम्ही दोघंही वाकलो. गंज सुरू होतो तो चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला, दाराखालच्या पट्टीत, जोडांच्या फटीत, आणि खडी उडून जिथे रंगाचा टवका गेलाय तिथे. धड असलेल्या क्लिअर कोटला मीठ लगेच काही करत नाही. आजोबांनी दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं दाखवली. आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पानांचा चुरा अडकला की दार आतून कुजतं. त्यांच्या मते गरम गॅरेज ही चैन गाडीला महाग पडते. बाहेर मीठ गोठून पडलेलं असतं, आत ते वितळतं आणि कामाला लागतं. माझ्याकडे गॅरेजच नव्हतं, त्यामुळे हा सल्ला मी आनंदाने मानला.

रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते हसले. “अगं, मी स्कूटरला दर मे महिन्यात काय करायचो?” मला आठवत होतं. गॅरेजमधून जुनं इंजिन ऑइल आणून ते ब्रशने स्कूटरच्या पोटाला फासायचे. अंगणात काळे थेंब पडायचे आणि आई ओरडायची. इथेही एकेकाळी लोक हेच करत. आता ते तेल जमिनीत आणि पाण्यात उतरतं म्हणून करू नये हे कळलंय, आणि त्याऐवजी मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचे स्प्रे मिळतात. मी दोन कॅन आणले. बाबांचा निरोप एवढाच होता, “शाकारणी पावसाच्या आधी करायची. गळायला लागल्यावर कौलावर चढायचं नाही.”

आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या या सगळ्या धावपळीला आगोट म्हणतात. लाकडं भरायची, सुकी मासळी, मीठ-मिरची भरायची, कौलं परतायची. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, बाहेर १२ अंश असताना, मी माझी आगोट केली. १० च्या खाली वॅक्स नीट धरत नाही, त्यामुळे असे दिवस मोजकेच असतात.

आधी गाडी धुतली, दोन बादल्यांनी: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. मग क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा, ओल्या रंगावरून फिरवला. धुतलेल्या गाडीवरूनही तो राखाडी होऊन आला. टवके गेलेल्या तीन ठिकाणी टच-अपचा रंग भरून वाळू दिला. वॅक्स लावताना एकच नियम, कमी. एका दाराला बोटाच्या पेरावर मावेल एवढं पुरतं. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे दुखतात. काही मिनिटांनी धुरकट दिसायला लागलं की मऊ कापडाने पुसायचं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिला. शेवटी खाली सतरंजी पसरून लॅनोलिन मारलं, ब्रेक आणि सायलेन्सरच्या गरम भागांपासून लांब. दाराच्या रबरांना सिलिकॉन लावलं, नाहीतर हिमात दार चिकटतं. एकूण खर्च ७० डॉलरच्या आत.

हिवाळाभर नियम दोन. बर्फ झाडायला केसांचा नाही, फोमचा ब्रश. आणि तापमान शून्याच्या वर गेलं की गाडी धुवायची, खालून फवारा मारणाऱ्या केंद्रात. वॅक्सचा खरा उपयोग तिथे कळला. मिठाचा थर चिकटून बसत नव्हता, पाण्याच्या पहिल्या झोताबरोबर निघून जायचा. वॅक्स संपलं हे कसं ओळखायचं, तेही पाणीच सांगतं. ते आहे तोवर बॉनेटवर गोल थेंब उभे राहतात. संपलं की पाणी सपाट पसरतं. माझ्या बॉनेटवरचे थेंब मार्चच्या मध्यापर्यंत गोल होते. छतावर तर एप्रिलमध्येही.

एप्रिलमध्ये आजोबांनी पुन्हा वाकून बघितलं, टॉर्च घेऊन. चाकाच्या कमानीत एका ठिकाणी नखाएवढा तपकिरी डाग निघाला. तो घासून, प्रायमर लावून बंद केला. बाकी सगळं कोरडं. त्याच महिन्यात कंपनीत पुन्हा कपातीची कुजबुज सुरू झाली, आणि मी पहिल्यांदाच गाडीची अंदाजे किंमत काढून बघितली. आकडा बरा होता. तिकीट, सामान पाठवणं आणि दोन महिन्यांचं भाडं त्यात बसत होतं. त्या रात्री झोप लागली.

बाटली अजून पाऊणच्या वर भरलेली आहे. एका गाडीला दोन हात द्यायला इतकं कमी लागतं की ती माझ्या व्हिसापेक्षा नक्की जास्त टिकेल. जायची वेळ आलीच तर ती आजोबांच्या दाराशी ठेवून जाईन. तोवर ऑक्टोबरातला १२ अंशांचा एक शनिवार राखून ठेवलाय.