तीन देश आणि एक न दिसणारें पत्र

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा येथील ताम्रपट कांहीं संस्कृतांत, कांहीं प्राकृतांत कोरलेला आहे. राजाज्ञा तेव्हां हातांत धरतां येत असे. हल्लीं परदेशीं जातांना जें ई-सिम नेतात, तें डोळ्यांस दिसतही नाहीं!

२०२३ सालीं आम्ही सहकुटुंब सिंगापूरला गेलों होतों. स्वस्त पडतें म्हणून एकट्या सिंगापूरचेंच ई-सिम घेतलें. एके दिवशीं बसनें मलेशियांतील जोहोर बाहरूस निघालों. दोन्ही देशांस जोडणारा सुमारें एक किलोमीटरचा सेतु १९२४ सालीं खुला झाला. त्याच्या दोन्ही टोकांस उतरून पारपत्र दाखवावें लागलें. पलीकडच्या गर्दींत मंडळी पुढें गेली, आम्ही मागें राहिलों. फोन उघडला, तों डेटा बंद! सौभाग्यवतींच्या मधुमेहाच्या गोळ्या आमच्या पिशवींत. मुलगा शोधीत येईपर्यंतचा पाऊण तास कसा गेला, तें वाचकांनींच कल्पावें.

यंदां सिंगापूर, मलेशिया व थायलंड असा बेत ठरला, तेव्हां निवडीचें काम आम्हीं हट्टानें आपल्याकडे घेतलें. फोन ई-सिम स्वीकारणारा असावा व एकाच कंपनीशीं बांधलेला नसावा. ‘आशिया’ या नुसत्या नांवावर विसंबूं नये. यादींत आपले तिन्ही देश एकेक करून पाहावे. तीन स्वतंत्र ई-सिमें कधीं स्वस्त पडतात, परंतु प्रत्येक सीमेवर बदलण्याची यातायात असते. आम्हीं तिहींचें मिळून एकच घेतलें. मुदत खरेदीपासून मोजतात कीं तेथील जाळ्याशीं प्रथम जोडल्यापासून, हेंही वाचावें. ‘अमर्याद’ याचा अर्थ पुष्कळदां इतकाच, कीं ठराविक मर्यादेनंतर वेग मंदावतो. विशेष्याशीं इतकें बेइमान विशेषण आम्हीं साऱ्या मास्तरकींत पाहिलें नव्हतें!

अशा बहुतेक ई-सिमांत डेटा मिळतो, दूरध्वनीचा क्रमांक मिळत नाहीं. बँकेचे ओटीपी घरच्याच क्रमांकावर येतात. म्हणून घरच्या सिमाचें आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करवून घ्यावें, त्याचा डेटा मात्र बंद ठेवावा. डेटा-रोमिंग ई-सिमाचें चालूं करावें. क्यूआर कोडाचें काम निघण्यापूर्वीं घरींच उरकावें, कारण तेंही इंटरनेटवांचून होत नाहीं.

हें सर्व पार पडल्यावर सौभाग्यवतींनीं पांच चिठ्ठ्या लिहिल्या; प्रत्येकीवर मुक्कामाचे पत्ते व घरच्यांचे क्रमांक. गोळ्यांचे दोन वांटे करून एक स्वतःच्या पिशवींत ठेवला. आम्हीं वाद घातला नाहीं. आपली चिठ्ठी मुकाट्यानें खिशांत घातली.