घसारा

मी बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि रात्री जेवणं उरकली की माझे मोजतो. माझे म्हणजे बाजारात न चालणारे. मला तांब्याची जुनी नाणी जमवायचा छंद आहे. "चालणारे पैसे जमत नाहीत, म्हणून न चालणारे जमवतात," अशी आमच्या सौभाग्यवतींनी या छंदाची व्याख्या केलेली आहे. माझं पासबुक पाहिलं तर ती चुकीची म्हणता येत नाही.

शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक करून घेतला तेव्हा सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई. होन इतका दुर्मिळ, की तो स्वप्नात दिसला तरी मी जागा होऊन चावीचा जुडगा चाचपतो. शिवराई मात्र माझ्या पगारश्रेणीतली. कडेला ठिपक्यांचं वर्तुळ, एका बाजूला तीन ओळींत 'श्री, राजा, शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र, पति'. महाराजांनंतरही ती पडत राहिली, पेशवाईतही पडली आणि इंग्रज आल्यावरही गावोगावच्या बाजारांत चालत राहिली. त्यामुळे ठसे अनेक आणि लिहिणारे हातही अनेक. कुठे 'शिव', कुठे 'सिव'. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून एखादं अक्षर काठाबाहेरच गेलेलं. शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी मी पुष्कळ छड्या खाल्ल्या. आता त्याच चुका भिंगातून शोधतो आणि वर पैसे मोजतो.

सुरुवातीला फसलोही. फुटपाथवर एकानं मारुतीचं चित्र असलेलं तांब्याचं नाणं दाखवलं. मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि सन 1818. "घेऊन टाका साहेब, असा पीस पुन्हा नाही भेटत," तो म्हणाला. मी घेऊन टाकला. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. नोव्हेंबर 1817 मध्ये ज्या कंपनीचं सैन्य आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेशी लढलं, ती दुसऱ्याच वर्षी नाण्यावर मारुतीराय बसवील? असले बिल्ले पुढे कधीतरी भाविकांसाठी निघाले. कंपनीनं ते पाडलेच नव्हते. बँकेत खोट्या नोटा ओळखणारा म्हणून माझा लौकिक आहे. तो टिकावा म्हणून ही हकिकत मी ऑफिसात सांगितलेली नाही.

पुढे अमेरिकेतल्या मेव्हण्यानं तिकडच्या नाण्यांवरचं एक पुस्तक आणून दिलं. तिथे 1793 ते 1857 या काळात तांब्याचा मोठा सेंट पाडत. त्यातले सुरुवातीचे सेंट म्हणजे तिकडच्या संग्राहकांचा जीव की प्राण. शेल्डन नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये त्यांना 1 ते 70 असे गुण द्यायची पद्धत काढली. सत्तर म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर कोणाचा हात न लागलेलं. एक म्हणजे जेमतेम ओळख पटेल इतकं झिजलेलं. आणि सगळ्या जगाचा एकच नियम: नाणं घासायचं नाही. तांब्यावर वर्षानुवर्षांनी चढलेली काळपट तपकिरी झाक हीच त्याची श्रीमंती. ती गेली की किंमत गेली. हे वाचल्यापासून मी कपाटाच्या चार हात परिसरात चिंचेला बंदी केली.

आणि त्याच सुमारास महालक्ष्म्या आल्या.

आई मोरीपाशी कलश घासत बसली होती. शेजारी चिंच-मीठ, आणि बोटांत एक गोल तुकडा लखलखत होता. कलशात सुपारीबरोबर टाकायचा पैसा. इतक्या वर्षांत मी तो कधी निरखून पाहिला नव्हता. हातात घेतला, भिंग लावलं आणि मटकन खाली बसलो. एक बाजू आरशासारखी सपाट. दुसरीवर 'छत्र'मधला 'छ', तोही उजेड तिरपा पडला तरच.

"आई, काय करून राहिली तू! ही शिवराई आहे!"

"मग? माझ्या सासूबाईंनी दिली. त्यांना त्यांच्या सासूनं दिली होती. देवापुढे काय काळी ठेवायची?"

"अगं, महाराजांचं नाव घासून टाकलंत तुम्ही सगळ्यांनी!"

"अक्षर गेलं रे," आई शांतपणे म्हणाली, "महाराज कुठे जातात?" आणि माझ्या हातातली शिवराई काढून घेऊन तिनं ती पुन्हा घासायला घेतली. मी ती संग्रहासाठी मागितली, तेव्हा म्हणाली, "हे नाणं नाही. कलशातलं आहे हे."

बी. कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू वापरली की झिजते, आणि जितकी झिजली तितकी रक्कम दरवर्षी तिच्या किमतीतून वजा करायची. शेवटी उरते ती मोडीची किंमत. पण चार पिढ्यांच्या सासवा-सुनांनी केलेला हा घसारा कोणत्या बाजूला मांडायचा, ते सरांनी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शिवराई माझ्याकडे आली. मी ती रीतसर पाकिटात घातली आणि वर लिहिलं, 'शिवराई, गुण 1'. वर्षभरात तिच्यावर सुरेख काळपट झाक चढली. शेल्डनसाहेबांना आनंद झाला असता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सौभाग्यवतींनी कलश मांडायला घेतला आणि त्यात टाकायला पर्समधून स्टीलचा चकचकीत रुपया काढला. काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. कपाट उघडलं, पाकीट फाडलं आणि मोरीपाशी जाऊन चिंच-मीठ घेऊन बसलो.

"बाबा, नाणी घासायची नसतात ना?" चिरंजीवांनी माझाच नियम मला ऐकवला.

"हे नाणं नाही," मी म्हणालो. उरलेला 'छ' जपत जपत घासत होतो, तरी अंगठा त्याच्यावरूनच जात होता.

सौभाग्यवती दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग आत गेल्या आणि कलश, पळी, पंचपात्र, ताम्हन असं सगळं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"हात चिंचेचे झालेच आहेत," त्या म्हणाल्या, "तर एवढंही घेऊन टाका."