दात आणि दाखले

आमच्या काष्टीच्या बाजारात बैलाचे वय दात पाहून ठरते. संशोधकांचे दात म्हणजे त्यांचे निबंध! हर्श नावाच्या शास्त्रज्ञाने २००५ साली त्याचे गणितच मांडले : निदान २० वेळा उल्लेखिलेले २० निबंध असले, की अंक २०. मला मात्र डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. महाडकडच्या खेड्यांत विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसायचे, टिपणे ठेवायची. अन् १९८२ साली तो निबंध थेट ‘लॅन्सेट’मध्ये! पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यांनी या दंशावर योजले. शेकडा ४०च्या घरातले मृत्यू १वर आले. दाखले जगभरच्या पंडितांनी दिले. वाचलेले पोर कुठला दाखला देणार? ते आपले पुन्हा अनवाणी पेंढ्यात हुंदडायला मोकळे.