देवराईची नोंदवही

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडला की नसरापूर लागते आणि गावाबाहेर बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील या शिवमंदिराभोवती आजही दाट झाडी आहे. सुट्टीच्या दिवशी भाविकांबरोबर येथे गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळीही दिसतात. भोर आणि वेल्हे परिसरातील पशुपक्ष्यांची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या नवख्याने सुरुवात करावी अशी ही जागा. पुढे रस्ता चढू लागतो, वस्ती विरळ होते आणि पाहण्याजोगे ते वाढत जाते.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसे अशा नद्यांच्या खोऱ्यांनी हा प्रदेश चिरलेला आहे. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे इतिहासप्रेमींना पाठ असतात. पण गडाच्या दरवाजाकडे धावणारी पावले वाटेतल्या रानाकडे क्वचितच थांबतात. त्या रानात भेकर आहे, साळिंदर आहे, उदमांजर आहे, बिबट्या आहे. पाऊस ओसरताना पठारांवर गेंद, सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात. कारवी मात्र सात वर्षे वाट पाहायला लावते. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात वाघजाईचे देऊळ आहे. देवीच्या नावातला वाघ आता या घाटात आढळत नाही. कोणीही लिहून न ठेवलेली ती एक नोंदच म्हणायची.

या भागातील खरी संपत्ती देवरायांत आहे. शिरकोलीची शिरकाई असो वा एखाद्या वाडीचा भैरवनाथ, देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यात कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी वाळलेली फांदीदेखील घरी नेत नाहीत. त्यामुळे हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी यांचे जुने वृक्ष आणि गारंबीसारखे प्रचंड वेल तेथेच उरले. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील अशा राया पायी फिरून अभ्यासल्या, तेव्हा कोठे शास्त्रीय जगाला त्यांचे मोल कळले. ग्रामस्थांना ते आधीच ठाऊक होते. फक्त त्यांचा शब्द कागदावर नव्हता.

कागदाची गरज आता अधिक आहे. डोंगरउतारावरील जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जातात, जीर्णोद्धाराच्या उत्साहात देवळाभोवतीची झाडेच तोडली जातात, आणि फाल्गुन-चैत्रात वणवे कडेपठारांवरून राईच्या कडेपर्यंत येतात. अशा वेळी ‘येथे पूर्वीपासून रान आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणते झाड, किती, कोणत्या बाजूला. कोणत्या महिन्यात कोणता पक्षी घरटे करतो. राईची हद्द कोठून कोठपर्यंत, हे ग्रामसभेपुढे मांडता आले तर बोलण्याला वजन येते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने त्यासाठी वाट करून दिली. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकांच्या माहितीवरून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, असे २००४ च्या नियमांनी सांगितले होते. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदतीच्या धास्तीने देशभर कितीतरी वह्या घाईने भरल्या गेल्या. एका गावची यादी दुसऱ्या गावाला चालेल, हा समज या कामाच्या मुळावरच येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच तोरण्याच्या माथ्यावर जे उगवते ते नीरेच्या काठी उगवेलच असे नाही.

स्वयंसेवकांचे काम नेमके येथे उपयोगी पडते. वर्षभर तीच वाट, तीच वेळ धरून चालायचे. दिसलेल्या प्राण्याचे नाव, तारीख, ठिकाण आणि संख्या लिहायची. पाऊलठसा वा विष्ठा आढळली तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे. काही दिसले नाही तर तेही लिहायचे. ‘ई-बर्ड’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’ यांवर अशी निरीक्षणे ठेवता येतात आणि जाणकार ओळख तपासतात. मात्र गावातील गुराखी, मध काढणारा, रानभाज्या खुडणारी आजी यांची माहिती त्यात आपोआप येत नाही. ती त्यांच्यापाशी बसून, त्यांच्या नावांनी लिहावी लागते. शास्त्रीय नाव नंतर शोधता येते. आजीने दिलेले नाव एकदा हरवले की परत मिळत नाही.

पावसाळ्यात जमीन जीवांनी भरून जाते. जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात ते याच कारणाने. बेडूक, खेकडे आणि कीटक नोंदवणाऱ्याचा हंगामही नेमका हाच, म्हणून त्याला प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवावा लागतो. घुबडावर प्रखर प्रकाश टाकणे, ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला घरट्यावरून बोलावणे हे प्रकार तर कटाक्षाने टाळावे लागतात. छायाचित्राच्या हव्यासापोटी पिल्ले उपाशी राहिली तर ती नोंद कोणत्या कामाची?

याहून नाजूक प्रश्न ठिकाणाचा आहे. खवले मांजर चोरट्या शिकारीमुळे संकटात आहे. त्याचे बीळ नेमके कोठे आहे हे जगजाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे. म्हणून संकटग्रस्त प्राण्यांची अचूक जागा ‘आयनॅचरलिस्ट’ आपोआप धूसर करते. गावच्या नोंदवहीलाही हे भान हवे. काही पाने सर्वांसाठी खुली असावीत, काही समितीच्या कपाटात राहावीत. आणि कोणते पान कोठे जाईल ते बाहेरून आलेल्याने नव्हे, ग्रामसभेने ठरवावे. राई त्यांनी राखली आहे.