ए१ वरचा घोडा

अकरा चाली झाल्या तेव्हा माझ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त होता. तेराव्या चालीला डाव हातचा गेला. परभणीतल्या एका खुल्या स्पर्धेतली ही गोष्ट. समोर मानवतची सातवीतली मुलगी, पांढरी मोहरी तिच्याकडे.

सुरुवात नेहमीची झाली. राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे, घोडे बाहेर, तिचा उंट सी४ वर, माझा दुसरा घोडा एफ६ वर. चौथ्या चालीला तिनं घोडा जी५ वर आणला. आता माझ्या एफ७ वर उंट आणि घोडा अशी दोघांची नजर. मी डी५ला प्यादं रेटलं, तिनं ते खाल्लं, मी घोड्यानं परत घेतलं. आणि तिनं शांतपणे आपला घोडा एफ७ वर टाकला. राजानं तो खायचा, लगेच एफ३ वरून वजिराचा शह घ्यायचा आणि डी५चा घोडा वाचवण्यासाठी राजाला उघड्यावर, ई६ वर उभं करायचं. याला फ्राइड लिव्हर अटॅक म्हणतात. इटलीच्या जुलिओ पोलेरिओनं सुमारे चारशे वर्षांपूर्वी खेळलेला हा हल्ला आजही शाळकरी मुलं हौसेनं शिकतात.

मी पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत देशी पद्धतीनं शिकलो. त्या खेळात प्यादं एकेकच घर सरकतं, फौज सावकाश उभी राहते. सहाव्या चालीला राजावर कुणी चालून येत नाही. कुणाची किती मोहरी गेली याचा हिशोब नीट ठेवला की डाव बहुधा राखता येतो. तोच हिशोब मी इथं लावला. तिनं दुसरा घोडा काढून डी५ वर दाब वाढवला तेव्हा माझा घोडा बी४ वर गेला. तिनं ए३ केलं. मी सी२ वर प्यादं खाऊन शह दिला, तिचा राजा डी१ला सरकला आणि मी कोपऱ्यातला हत्ती खाल्ला. तिनं डी५चा घोडा मारला. राजा डी६ला नेला तर तिनं डी४ केलं. ते प्यादं मी ई५च्या प्याद्यानं खाल्लं आणि तिच्या काळ्या घरातल्या उंटाची वाट मीच मोकळी केली. एफ४ वरून शह आला. पुढच्या चाली फक्त खेळायच्या म्हणून खेळलो.

हात मिळवल्यावर ती उठून गेली नाही. तिनं तीच स्थिती पुन्हा मांडली आणि ए१ वरच्या माझ्या घोड्यावर बोट ठेवलं. "काका, हा आता परत येत नसतो." मग माझी मागची रांग दाखवली. दोन हत्ती, दोन उंट, वजीर. पाचही मोहरी जागची हलली नव्हती. आठवी, नववी, दहावी अशा तिन्ही चाली मी एकाच घोड्यावर घातल्या होत्या आणि तो घोडा अशा कोपऱ्यात जाऊन बसला होता की राजाच्या कामाला यायचा नाही. पटावर हत्ती जास्त होता खरा, पण लढाई जिथं चालली होती तिथं माझा राजा एकटा होता.

पूर्णेला परतल्यावर मी पट उलटा फिरवला आणि पांढऱ्याच्या बाजूनं तोच डाव खेळत गेलो. हे करायला मी सगळ्यांना सांगतो. हरलेल्या बाजूनं पाहिलं की आपण कुठं सुटलो असतो तेवढंच दिसतं, जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की त्याची ओढाताण दिसते. घोडा दिल्यानंतर तिला एकही चाल वाया घालवता येत नव्हती. शहातून राजा सरकवला तेवढी एक सोडली, तर तिच्या प्रत्येक चालीत धमकी होती. तिनं मोहरी देऊन वेळ विकत घेतला होता, मी वेळ देऊन हत्ती घेतला होता.

मग मी ज्या चालीकडं आजवर पाठ फिरवली होती ती उघडली. पाचव्या चालीला प्यादं परत खायचं नाही, घोडा ए५ला न्यायचा. काठावरचा घोडा वाईट असं मनात पक्कं बसलेलं, त्यात प्यादंही जातं. पण हा घोडा तिच्या उंटावर चालून जातो. उंट बी५ वरून शह देतो, आपण सी६ करतो, प्यादी मारली जातात आणि उंटाला ई२पर्यंत मागं यावं लागतं. मग एच६, घोडा एफ३ला मागं. मग ई४, घोडा पुन्हा उठला. एका प्याद्याच्या बदल्यात तिची मोहरी तीनदा उठवायची आणि आपली बाहेर काढायची.

हरल्यावर ओपनिंग न सोडता वाट बदलायची, हे मोठे खेळाडूही करतात. १९७२ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या अकराव्या डावात बॉबी फिशरच्या वजिरानं बी२चं प्यादं खाल्लं होतं. सातव्या डावातही त्यानं ते खाल्लं होतं आणि डाव बरोबरीत सुटला होता. या वेळी त्याचा प्रतिस्पर्धी स्पास्कीनं चौदाव्या चालीला सी३चा घोडा मागं, मूळ घरी बी१ला नेला. काही चालींत वजीर अडकला, डाव गेला. उरलेल्या सामन्यात फिशरनं ते प्यादं पुन्हा खाल्लं नाही. पण ओपनिंग सोडलं नाही. पंधराव्या डावात तेच, नायडॉर्फ नावाचं ओपनिंग तो दुसऱ्या वाटेनं खेळला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून रविवारी माझ्याकडं पट घेऊन येणाऱ्यांत मुली वाढल्यात. लहान मुलांना असली धारदार ओपनिंग शिकवू नयेत, असं काही प्रशिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. संथ डावात चूक तीस चालींत विरघळून जाते, मुलाला ती सापडतच नाही. इथं ती कोणत्या चालीला झाली ते बोटानं दाखवता येतं.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा समोर आली. मी घोडा ए५ला नेला, तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. आठव्या चालीला उंट ई२ला जाईल असं मी धरून चाललो होतो. तिनं तो डी३ला ठेवला, स्वतःचंच डी-प्यादं अडवून. ई४चा धक्का बंद झाला, म्हणजे माझी निम्मी तयारी गेली. बराच वेळ घड्याळ चालू दिलं आणि घोडा डी५ला नेला. वजिराची वाट उघडली, जी५चा घोडा धोक्यात आला आणि तिला तो हलवावा लागला. डाव बरोबरीत सुटला. डी३ कुठं शिकलीस विचारलं, तर म्हणाली, "गेल्या स्पर्धेत मी या ए५लाच हरले होते, काका."